पर्थमध्ये व्यायामवर्ग चालवणाऱ्या आरोग्यसेविका ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

ऑस्ट्रेलियात हृदयविकारानंतरचे व्यायामवर्ग बहुतेक रुग्णालयांत भरतात आणि तिथे ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे, रुग्ण फार कमी येतात. तुम्ही तोच वर्ग नूंगार लोकांच्या, म्हणजे पर्थ भागातल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीत, समाजाच्या स्वतःच्या दवाखान्यात नेलात. समाजाने चालवलेला असा पहिला दवाखाना 1971 साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये उघडला, त्याच वाटेवरचं हे काम. फिजिओथेरपी करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तुमच्या पद्धतीतून खूप मिळालं, म्हणून हे पत्र.

सुरुवात रक्तदाबापासून. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 ओलांडत असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद. पण त्या माणसाला परत पाठवायचं नाही. डॉक्टरांना दाखवून चहा-गप्पांना बसवायचं, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो नक्की येतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर 5 मिलिमोलच्या, म्हणजे आपल्या 90 च्या, खाली असेल तर अर्धा ग्लास फळांचा रस आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. मग पाय बघायचे. मधुमेहात तळव्याची जाणीव गेलेली असू शकते, मग बुटातला खडा कळत नाही आणि साध्या फोडाची जखम होते.

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीबद्दल तुमचे विशेष आभार. 30 मीटरची सरळ पट्टी, दोन्ही टोकांना शंकू, आणि दर वेळी तीच जागा. पट्टी आखूड झाली की वळणं वाढतात, अंतर घटतं आणि सुधारणा झालेली असूनही कागदावर दिसत नाही. सोबत नातवंडं धावू लागली तरी आकडा बिघडतो, कारण आजी त्यांच्या वेगाने चालते. त्यांना कडेला बसवून फेऱ्या मोजायला देणं किती सोपं!

जोर किती लावायचा हे तुम्ही गप्पांवरूनच ठरवता: बोलता यावं, गाता येऊ नये. शेवटची 5 ते 10 मिनिटं सावकाश चालणं कधीच टाळत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा व्यायाम करता करता एकदम थांबला की रक्त पायांत साचतं, भोवळ येते.

आणि दोन गोष्टी, ज्या आमच्या पुस्तकांत नव्हत्या. कोणालाही एकट्याला पुढे बोलावून व्यायाम करून दाखवायला सांगायचं नाही. 'शेम', म्हणजे चारचौघांत लाजिरवाणं, वाटलं की माणूस पुन्हा येत नाही. वजनही पडद्याआडच करायचं. समाजात मृत्यू झाला की 'सॉरी बिझनेस', म्हणजे त्यांचा शोकाचा काळ आणि विधी, संपेपर्यंत वर्ग बंद, आणि त्या काळातली गैरहजेरी मांडायची नाही. तीन आठवड्यांनी परतलेल्याला व्यायामात ताणायच्या जुन्या रबरी पट्ट्यावर न नेता हलक्या पट्ट्यापासून सुरू करायचं.

मनःपूर्वक आभार, ताई.

आपले,
काही मराठी फिजिओथेरपिस्ट