मीटर माझ्याकडे वळवणाऱ्या मेकॅनिककाकांस

मेकॅनिककाका, सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात घेताना मनातले बोलायचे राहून गेले, म्हणून हे चार शब्द सर्वांसमक्ष लिहीत आहे.

माझ्या गाडीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात, सपाट रस्त्यावर फारसा भार नसताना, चार सिलिंडर आपोआप बंद होतात. सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारी झडप ऑइलची वाट मोकळी करतो, त्या दाबाने लिफ्टरमधील, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागातील, पिना सुटतात आणि व्हॉल्व्ह मिटलेलेच राहतात. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागून याच यंत्रणेच्या बिघाडाचा ‘पी ३४०१’ हा कोड आला, तेव्हा आधीच्या वर्कशॉपने तो पुसून गाडी परत दिली आणि दिवा पुन्हा लागताच, ना ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक बाहेर काढता ना एखादा कनेक्टर उघडता, लिफ्टर व त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट बदलण्यासाठी इंजिन खोलावे लागेल असे सांगून टाकले. स्कॅनरवर कोड वाचला की निदान झाले, अशी त्यांची समजूत असावी.

तुम्ही मात्र ऑइलपासून सुरुवात केलीत, कारण ते कमी पडले किंवा चुकीच्या ग्रेडचे असले तरी ही यंत्रणा बिनसते. पातळी आणि दाब ठीक निघाल्यावर तुम्ही सांगितलेत, की हा कोड पहिल्या सिलिंडरच्या सोलेनॉइडच्या विद्युत मंडलाबद्दल बोलतो आहे. लिफ्टर अडकला असता तर इंजिन टकटकले असते किंवा मिसफायर झाले असते, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटले नसते, आणि इथे तर दोन्ही नाही. सोलेनॉइडची कॉइल चांगली होती, १२ व्होल्टही पोहोचत होते. उरली ती कॉम्प्युटरकडे जाणारी वायर.

त्यानंतर तुम्ही जे केलेत ते मी विसरू शकत नाही. मल्टीमीटरचा पडदा माझ्याकडे वळवून तुम्ही म्हणालात, ‘आता वायर तुम्हीच हलवा.’ मी हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा, वळणापाशी जरासा वाकवला आणि स्थिर असलेला आकडा जाऊन ‘ओएल’, म्हणजे जोडणी तुटल्याची खूण, उमटले. सोडला, तर आकडा परत आला. वरचे आवरण शाबूत, आतली तार तुटलेली! मला ते कळेपर्यंत तुम्ही हातातले काम थांबवून उभे राहिलात. गाडीतले काही कळत नाही असे गृहीत धरून ग्राहकाला घाबरवणे सोपे असते, आणि तसे करणाऱ्यांचा धंदाही बरा चालतो. पण आपले म्हणणे ग्राहकाच्याच हातून तपासून घेण्याइतका सरळपणा ज्याच्या ठायी असतो, त्याच्या हाती गाडीची किल्ली निर्धास्तपणे द्यावी.

वायरचा तेवढा तुकडा बदलल्यापासून दिवा पुन्हा लागलेला नाही, आणि लिफ्टर व कॅमशाफ्ट जिथल्या तिथे सुखरूप आहेत. आपले मनःपूर्वक आभार. पुढचे ऑइल बदलायला गाडी घेऊन तुमच्याकडेच येईन.

आपला ऋणी,
एक गाडीमालक