सर्दीला अँटिबायोटिक कशाला?

संपादक साहेब, मागच्या महिन्यात दहावीतल्या मुलाला साधी सर्दी झाली, व्हायरलच असणार, पण मेडिकलवाल्याने डॉक्टरांची चिठ्ठी न मागताच सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी काढून दिली आणि तिसऱ्या दिवशी सर्दी आहे तिथेच, वर जुलाब सुरू. अहो, व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही, उलट आतड्यातले चांगले जीवाणू मरतात, ते परत सावरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखे जुलाब करणारे जंतू फोफावू शकतात. हे औषध शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या सरकारी यादीतलं, 2014 पासून विक्रीची रजिस्टरात नोंद ठेवायची. आमची कुणी केली? पट्टीवरची, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी लाल रेघ मीही नंतरच पाहिली म्हणा. पोराने आठवडाभर ताकभातावर काढला.

– एक पालक, सातारा