चेन घरीच बदलली

ती. बाबांस व ती. सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. दहाची दहा बोटं जागेवर आहेत, हे सगळ्यात आधी लिहिते. कारण फोनवर मोटरसायकलची चेन आणि ‘ग्राइंडर’ हे शब्द ऐकल्यावर आईने पुढचं काही ऐकलंच नाही, आणि बाबा, तुम्ही नुसते ‘हं’ म्हणालात. त्या ‘हं’चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. चेनस्पॉकेटचं काम असं घरी होत नसतं, असा तो ‘हं’. झालं बाबा, घरीच झालं.

गाडी मेकॅनिककडे का नाही टाकली, हे तुम्ही विचारणारच. टाकणार होते. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. आणि चेनची अवस्था अशी, की मागच्या स्पॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, पार मागच्या टोकाला धरून ओढली की अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसायचा. दातही एका अंगाला झुकून टोकदार झालेले. अशी चेन चालत्या गाडीत तुटली तर कधी मागचं चाक जाम करते, कधी इंजिनच्या केसिंगवर आदळते. (ही दोन वाक्यं आईला वाचून दाखवू नका.) म्हणून पूर्ण किट मागवलं, चेन आणि दोन्ही स्पॉकेट. नुसती चेन बदलली तर जुने दात तिला लवकर खातात, हे तुमचंच वाक्य.

चेन तोडायचं मशीन नव्हतं, गाडी उचलायचा स्टँडही नव्हता. पाने, हातोडी, पिना ठोकून काढायचा सुंबा, पक्कड, एक सी-क्लॅम्प, आणि ऑफिसातल्या एकाकडून मागून आणलेला तो लोखंड घासायचा ग्राइंडर, एवढंच.

आता इथल्या लोकांची एक गंमत नीट समजावून सांगते, कारण फोनवर तुम्हाला ती पटली नाही. पुढच्या स्पॉकेटचा नट जुनी चेन असतानाच सैल करायचा असतो. गाडी गिअरमध्ये टाकायची, एकाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने पान्यावर जोर द्यायचा. मी एकटी. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले आणि म्हणाले, मदत हवी का? मी म्हटलं, नको नको. आणि ते गेले! खरंच गेले. इथे ‘नको’ म्हणजे नको. पुन्हा विचारत नाहीत. ‘अहो असू द्या हो’ म्हणत बाह्या सरसावून खाली बसत नाहीत. आपण पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते समोरच्याने दुसऱ्यांदा विचारावं म्हणून, हे यांना ठाऊकच नाही. आणि यात तुसडेपणा अजिबात नाही बरं का. तुमचा शब्द खरा मानला, हा त्यांच्या मते आदर. मी अर्धा तास त्या नटाशी झटले. मग मुकाट्याने जाऊन त्यांची बेल वाजवली. दार उघडलं तर आजोबा जुने कपडे घालून तयार! म्हणजे त्यांना यायचंच होतं, फक्त मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. त्यांनी ब्रेक दाबला, मी पान्याला पाईप लावून जोर दिला, नट सुटला. ‘आणखी काही?’ असं त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून काय गेलं असेल? ‘नको.’ गेले परत.

ग्राइंडरचं काम जेमतेम दोन मिनिटांचं. डोळ्यांना गॉगल होता, हातात मोजे होते, टायरवर ओलं फडकं होतं. आई, झालं समाधान? दोन पिनांची डोकी घासून सपाट केली, सुंब्याने ठोकून पिना मागे ढकलल्या, चेन सुटली.

मग जुनी चेन नव्या चेनशेजारी जमिनीवर अंथरली आणि पोटात गोळा आला. जुनी चांगली दोन सेंटिमीटर लांब! वाटलं चुकीची चेन मागवली. मग कड्या मोजल्या. दोन्हीत 120. चारशे अठ्ठावीस नंबरच्या चेनची कडी 12.7 मिलिमीटरची, म्हणजे नवी 1524 भरणार आणि भरलीही तेवढीच. जुनी झिजून वाढली होती. पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश प्रत्येक कडीत केसभर झिजतात, तेच 120 वेळा साठतं. लांबी नाही, कड्या मोजायच्या.

चेनची दोन टोकं जोडणारं लॉक बसवताना मात्र घाम फुटला. चारही रबरी रिंगा ग्रीस लावून घातल्या, पण बाहेरची पट्टी हाताने दाबून पिनांवर बसेना. शेवटी पिनेच्या टोकावर एक नट ठेवून सी-क्लॅम्प आवळला, थोडं या पिनेवर, थोडं त्या पिनेवर, असं करत पिनांच्या खाचा बाहेर आल्या. पक्कडीने क्लिप सरकवली, टक् झालं. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे, तीनदा पाहिलं.

चेनची ढील तुम्ही दोन बोटं ठेवायचात. माझ्या गाडीच्या पुस्तकात 25 ते 35 मिलिमीटर लिहिलंय. मी माझी दोन बोटं मोजली, 29. तुमची पस्तिसाच्या आसपास असतील. गाडी पुढे ढकलत चार ठिकाणी तपासली आणि जिथे सगळ्यात ताठ होती तिथलं माप धरलं. नट नेमका किती आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना नसल्यामुळे मेकॅनिकची ती तारीख रद्द केलेली नाही, नट तेवढे त्याच्याकडून तपासून घेईन. बघा, इतकीही हट्टी नाही मी.

तुमच्या डोळ्यात थेंब कोण घालतं? दादाला वेळ नसतो हे मला माहीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी इकडे मीटिंगमध्ये बसले होते आणि फोन टेबलावर उलटा ठेवला होता. असो. गेल्या महिन्यात पैसे कमी आले ते या किटमुळे, या महिन्यात भरून काढते. वाचलेली मजुरी दादाच्या लग्नाच्या तिकिटाच्या डब्यात टाकली. रजा मात्र सहाच दिवस मिळतेय, हळदीला पोहोचेन, पूजेपर्यंत थांबता येणार नाही. होणाऱ्या वहिनीला तूच समजावून सांग आई, माझ्याने होणार नाही. आणि त्या स्थळाचा फोटो पाहिला. वाईट नाही. बोलेन. पण मुलगी स्वतःची गाडी स्वतः खोलते हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, मागच्या ॲक्सलला, नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नवीनच घातली आहे. जुनीच सरळ करून नाही.