माणिकबागेच्या सामानासाठी एक दालन : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या २५ मे रोजी आपल्या मंडळाच्या वरच्या खोलीत आपल्या इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यातल्या सामानाचे कायमचे छायाचित्र-दालन उघडायचे ठरले आहे. तारीख मुद्दाम निवडली आहे. १९८० साली याच दिवशी मोनाकोत त्या सामानाचा लिलाव झाला. त्या वर्षीचे मंडळाचे इतिवृत्त मी कपाटातून काढून वाचले. मे महिन्यात व्याख्यानमालेचा जमाखर्च आहे, नव्या माठांची नोंद आहे, पण माणिकबागेबद्दल एक ओळ नाही. ते वाचून फार वाईट वाटले.

नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. यशवंतराव होळकर महाराजांनी (दुसरे) एकार्ट मुथेसियस या पंचविशीतल्या जर्मन वास्तुविशारदाकडे राजवाड्याचे काम दिले आणि १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग सजली. आपल्या वाड्यांत शिसवी पलंग होते, तेव्हा तिथे काच आणि धातूचा पलंग होता, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या फ्रेंच रचनाकारांचा. रूलमनचे मेज, आयलीन ग्रेची आरामखुर्ची, पुईफोर्काची चांदीची भांडी, पायाखाली दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे. लाल खुर्च्या तर खुद्द मुथेसियसच्या, दिवे खुर्चीतच बसवलेले, म्हणजे वाचायला वेगळा दिवा नको. फ्रेंच चित्रकार बुते द मोन्व्हेलने महाराजांना एकदा विलायती पोशाखात रंगवले, एकदा मराठी पोशाखात पगडीसह. शिल्पकार ब्रांकुसीचे तीन ‘पक्षी’ महाराजांनी घेतले होते. त्या शिल्पांसाठी मंदिर बांधायचा बेत होता, तो राहूनच गेला. त्यांतले संगमरवरी दोन, एक काळा आणि एक पांढरा, आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये पॅरिसला या सामानाचे मोठे प्रदर्शन भरले. इंदूरचे सामान बघायला इंदूरकराने पॅरिसला जायचे! होळकरांच्याच लालबाग राजवाड्यात निदान झुंबरांखाली उभे तरी राहता येते. माणिकबागेत आता सरकारी कर खात्याचे कार्यालय आहे.

दोन वर्षांपूर्वी आपण तीन दिवसांचे प्रदर्शन केले, ते ज्यांच्या जिवावर केले त्यांचे ऋण इथे सांगितलेच पाहिजे. रामबागेतल्या आजींचे सासरे माणिकबागेत फरास होते. त्यांची गालिचे झाडायची कुंचली आजींनी खणात गुंडाळून, स्वतः रिक्षाने आणून दिली. मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, केस एकाच बाजूने झिजलेले. “लव ज्या अंगाला, त्याच अंगाने झाडायचं, उलटा हात फिरवला की मामंजी ओरडायचे,” हे त्यांनी मला दोनदा करून दाखवले. तिन्ही दिवस सर्वांत जास्त गर्दी त्या कुंचलीपुढे होती. स्नेहलतागंजच्या दोघा भावांनी वडिलांचे फोटो अल्बमसकट विश्वासाने आमच्या हाती दिले. छावणीतल्या सुतारदादांनी सगळ्या चौकटी करून दिल्या आणि मजुरीचा एक पैसा घेतला नाही. भर पावसात चौकटी ताडपत्रीत बांधून आणल्या, स्वतः मात्र चिंब भिजले होते. आजी गेल्या श्रावणात गेल्या. कुंचली घरच्यांनी मंडळालाच दिली आहे.

आणि तरीही गेल्या दिवाळीत या दालनासाठी सर्व सभासदांना पत्रे पाठवली, त्यांना उत्तरे आली फक्त अकरा. “राजाच्या खुर्च्यांशी आपला काय संबंध?” असेही सभेत ऐकावे लागले. त्या खुर्च्या पुसणारे, ते गालिचे झाडणारे, मुदपाकखान्यात राबणारे आपलेच आजे-पणजे होते. एवढाच संबंध आहे आणि मला तो पुरेसा वाटतो. वर्गणी कमी पडली तर समजू शकतो, पण साधे “पत्र मिळाले” एवढेही कुणी कळवू नये, याचे वाईट वाटले.

आता कामाचे. एकूण खर्च अंदाजे १,८०,००० रु. (मोठ्या आकाराची छपाई, काचेची दोन कपाटे, दिवे, परदेशी संग्रहालयांना छायाचित्रांच्या हक्कांपोटी द्यायची रक्कम), जमा ४२,००० रु., हक्कांची रक्कम १५ एप्रिलपूर्वी भरणे भाग आहे, नाहीतर भिंती रिकाम्या राहतील. धनादेश मंडळाच्या नावे; रोख दिल्यास पावती अवश्य घ्यावी. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. जुने फोटो, पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, राजवाड्यातून घरी आलेली कुठलीही वस्तू चालेल, फुटकी असली तरी. फोटो तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत. वस्तू उसनी दिल्यास लेखी पोच मिळेल. शनिवार-रविवारी नोंदी लिहायला सुवाच्य अक्षराची चार मुले-मुली हवी आहेत. ज्येष्ठांनी जिना चढू नये, नुसता निरोप द्यावा. वही घेऊन आम्हीच घरी येऊ. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरच्या मंडळींनी लांब पडते म्हणून थांबू नये, तिकडे दर रविवारी सकाळी आमची फेरी असते.

आपला नम्र,
कार्यवाह