हिलरीबाईंची बेरीज

एडिसन, न्यू जर्सी
७ मार्च २००८

प्रिय सुलू,

दिवाळीनंतर तुला धड पत्र नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते भेटशील तेव्हा बोल, मी ऐकून घेईन. इथे सगळे ठीक. माझं बीपी गोळीने ताब्यात आहे.

तुझा मेल वाचला. ‘ओहायो घेतलं, टेक्सास घेतलं, आता वारं फिरलं. आपल्याकडे प्रतिभाताई झाल्या, तिकडे हिलरीबाई होणार.’ डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी हिलरीला की ओबामांना, यावर इथे टीव्हीवरही बुधवारपासून हेच चाललंय. मला कोण हवंय हे तुला सांगायला नको. पण आकडे मांडायला बसलं की बेरीज जुळतच नाही गं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाशी बोलू? बंड्याला नुसतं ‘कोण जिंकलं’ तेवढंच हवं असतं.

आधी टेक्सास घे. तिथे एकूण १९३ डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, निवडायचे. त्यातले १२६ दिवसाच्या मतदानातून आणि ६७ रात्रीच्या कॉकसमधून, म्हणजे पक्षाच्या बैठकीतून. मतदानात हिलरीला जवळपास एक लाखाची आघाडी मिळाली, तीच तुला दिसली. पण हे १२६ राज्यभराच्या टक्केवारीवर वाटत नाहीत. राज्य सिनेटचे ३१ मतदारसंघ आहेत, आणि २००४ आणि २००६ला कुठे डेमोक्रॅटिक पक्षाला किती मतं पडली त्यावर कुणाला किती जागा ते ठरलंय. ऑस्टिनच्या मतदारसंघाला ८, ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मतदारसंघाला ७. हे दोन्ही ओबामांचे. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातले लॅटिनो मतदारसंघ हिलरीच्या मागे उभे राहिले, पण तिथे मागच्या निवडणुकांना मतदान कमी, म्हणून जागा तीन-चारच. एवढी आघाडी घेऊन बाईंच्या पदरात चारेक डेलिगेट जास्त पडतील.

आणि रात्रीचा प्रकार वेगळाच. मतदान सातला बंद होतं. सव्वासातला, किंवा रांगेतला शेवटचा माणूस मत देऊन झाला की, त्याच केंद्रावर बैठक सुरू होते. मतदानात मत दिलेल्यालाच आत घेतात. तक्त्यावर नाव, पत्ता आणि पसंतीचा उमेदवार लिहायचा, मग त्या प्रमाणात २९ मार्चच्या पुढच्या बैठकीसाठी माणसं निवडायची, आणि शेवटचा निर्णय जूनमध्ये राज्याच्या अधिवेशनात. मंगळवारी कित्येक ठिकाणी तक्ते संपले, खोल्या अपुऱ्या पडल्या, लोक अंगणात ताटकळले. आता सांग, रात्रपाळीची नर्स तिथे दहापर्यंत थांबेल? घरी लहान मूल असलेली बाई? सत्तरीतली आजी? हिलरीची मतं नेमकी याच लोकांत आहेत. मोजणी अजून अपुरी आहे, पण ओबामा ५६ टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे दिवसा मिळवलेले चार डेलिगेट रात्री फिटले आणि वर चारेक डेलिगेट ओबामांकडेच गेले. टेक्सास ‘जिंकलं’ ते असं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र आमच्या न्यू जर्सीचं. ५ फेब्रुवारीला इथे दहा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. हिलरी एक लाखाहून जास्त मतांनी पुढे, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोत कॉकसला आले सगळे मिळून २१ हजार. ओबामांची आघाडी तेरा हजारांच्या आसपास, डेलिगेट १५ विरुद्ध ३, म्हणजे १२ची. आमच्या लाखाला त्यांचे तेरा हजार भारी पडले! आणि यात लबाडी कुणाचीच नाही. ओबामांच्या माणसांनी नियम आधी वाचले आणि लहान कॉकसवाल्या राज्यांत वेळेवर कार्यालयं थाटली. हिलरीच्या लोकांनी गृहीत धरलं की ५ फेब्रुवारीला सगळं आटोपेल, आणि ती राज्यं जवळजवळ सोडूनच दिली. एवढ्या अनुभवी मंडळींनी हे करावं, याचा मला खरंच राग येतो.

आता तो सम-विषमचा हिशेब, ज्यावरून आपण फोनवर भांडलो होतो. परत सांगते, कागद घे. डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, म्हणून मतदारसंघात चार असले तर ५५-४५ झालं तरी २-२, ६०-४० झालं तरी २-२. तिसरा मिळायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. दोनाच्या मतदारसंघात तर ७५ टक्के लागतात. सहाच्यात ५८ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की ४-२. पण तीन किंवा पाच असले की एका मताची आघाडीही पुरते, लगेच २-१ किंवा ३-२. म्हणून जिथे दोघं बरोबरीत तिथे विषम जागांचे मतदारसंघ शोधायचे आणि माणसं तिथे कामाला लावायची. चाराच्या मतदारसंघात ५२चे ५८ टक्के करायला घातलेला पैसा पाण्यात. ओहायोत दोन लाखांहून जास्त मतांची आघाडी असून डेलिगेटची आघाडी दहाच्या आतच अडकली ती यामुळेच.

रिपब्लिकनांचं तसं नाही. त्यांच्याकडे बऱ्याच राज्यांत पहिला येईल त्याला सगळं. फ्लोरिडाचे ५७ मॅककेन यांनी एका फटक्यात नेले, आणि मंगळवारी उमेदवारीला लागणारा १,१९१चा आकडा गाठून मोकळे झाले. डेमोक्रॅटिक पक्षात असा नियम असता तर कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि ओहायो धरून हिलरी आज पुढे असती. पण नियम सामना सुरू होण्याआधीच सगळ्यांना माहीत होते.

आता पुढचं. ओबामा मतदानातून निवडलेल्या डेलिगेटमध्ये सुमारे १४०नी पुढे आहेत. वायोमिंगपासून ३ जूनच्या मोंटाना, साउथ डकोटापर्यंत ६११ उरलेत. बरोबरी करायला त्यातले ३७५ हवेत, म्हणजे सरासरी साडेएकसष्ट टक्के. पेन्सिल्वेनियात १५८ आहेत. तिथे दहा टक्क्यांनी जिंकली तरी हाती सोळाच लागतात. मिसिसिपी आणि नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदार भरपूर, तिथे उलट थोडे जातीलच.

तू म्हणशील फ्लोरिडा आणि मिशिगन. त्या दोघांनी ठरलेल्या तारखेआधी मतदान घेतलं म्हणून पक्षाने त्यांचे सगळे डेलिगेट काढून घेतले. तिथली मतं आता जशीच्या तशी धरा असं हिलरीचे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं. समोर कुणी नसताना मिळालेलं मत कसलं मोजायचं? फेरमतदान घ्या, मी त्याच्या बाजूने आहे. पण फ्लोरिडाचे १८५ आणि मिशिगनचे १२८ धरून दोन्हीकडे ५५-४५ झालं, तरी आघाडी तिसाच्या आसपासच. १४०चं भगदाड त्याने बुजत नाही.

मग उरतात सुपरडेलिगेट, म्हणजे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी मिळून सुमारे ८००. जिंकायला २,०२५ लागतात आणि नुसत्या निवडलेल्या डेलिगेटवर दोघंही तिथे पोचत नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द यांचाच. सुरुवातीला यांतले बरेच हिलरीकडे होते. आता गळती लागलीय. जॉर्जियाचे जॉन लुईस गेल्याच आठवड्यात ओबामांकडे गेले, कारण त्यांच्या मतदारसंघाने कौल तिकडे दिला होता. सुलू, मला धास्ती आहे ती इथेच. निवडलेल्यांत मागे असताना या मंडळींनी हिलरीला वर बसवलं, तर पहिल्यांदा मतदानाला आलेली तरुण पोरं आणि कृष्णवर्णीय मतदार नोव्हेंबरमध्ये घरी बसतील. आणि नाही बसवलं, तर ज्या बायका आयुष्यभर या दिवसाची वाट बघत होत्या त्यांना वाटणार, इतकी मतं देऊनही आमच्या हाती काहीच लागलं नाही. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनापर्यंत हे असंच ताणलं तर मॅककेन यांना मधले पाच महिने फुकट मिळाले.

आणि एक्झिट पोल दाखवून मला गप्प करू नकोस. २००४ला तू तेच केलं होतंस, निकालाच्या दिवशी दुपारनंतर फोन उचलला नाहीस! जानेवारीत न्यू हॅम्पशरच्या चाचण्यांत ओबामा पुढे होते आणि जिंकली हिलरी. कॉकसचा अंदाज तर त्याहून अवघड, कारण कोण येणार हेच ठाऊक नसतं.

मुक्ताची बारावी कशी चाललीय? फिजिक्सच्या पेपरनंतर तिला माझ्याशी बोलायला लाव. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलात की मेमध्ये, ते कळव, म्हणजे मी तिकीट त्याप्रमाणे काढेन. तुझी बदली रद्द झाली हे ऐकून फार बरं वाटलं.

पेन्सिल्वेनियाचं मतदान २२ एप्रिलला आहे. निकाल लागला की राज्याचा टक्का नंतर बघ. आधी फिलाडेल्फियाचा दुसरा मतदारसंघ बघ, तिथे एकट्याचे ९ डेलिगेट आहेत. हिलरीला तिथे तीन मिळाले तर मला फोन कर, वेळ काहीही असो. दोन मिळाले तरीही कर.

तुझी,
विद्या