‘पॅनहँडलिंग’ आणि आपला वासुदेव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या बातम्यांत ‘पॅनहँडलिंग’ हा शब्द वाचला की आपल्याला वाटतं काहीतरी भांड्याकुंड्यांचं असेल, पण अर्थ साधा आहे, रस्त्यात लोकांपुढे हात पसरून पैसे मागणं. १८९० च्या दशकात तिकडच्या बोलीत हा शब्द रुळला, आणि पुढे केलेला हात पॅनच्या दांड्यासारखा दिसतो म्हणून तो पडला असावा असं मानतात, कुणी म्हणतं पैसे गोळा करायच्या पॅनवरून. तर मराठीत सरळ ‘भीक मागणे’ छापा की.

इंग्रजीत दुसराही शब्द आहे, ‘मेंडिकंट’, म्हणजे मागून जगणारा. तो लॅटिनमधून आलाय आणि मूळ शब्दाचा संबंध शरीरातल्या व्यंगाशी, पण तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन पंथांचे ख्रिस्ती साधू स्वतःहून गरिबी पत्करून मागून खायला लागले आणि त्या शब्दाला मान आला. आपल्याकडे भीक वेगळी, भिक्षा वेगळी, जोगवा वेगळा, माधुकरी वेगळी, तसंच काहीसं.

मला खरं बोलायचंय ते १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याबद्दल. तो इंग्रजीत लिहिलेला, त्यात हे सगळं एका ‘बेगिंग’मध्ये कोंबलंय. व्याख्येतच आहे की सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं, मग ते गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा काही विकायच्या निमित्ताने का असेना. आता यात वासुदेव आला, पोतराज आला, कुडमुडे जोशी आले, दोरीवरचा डोंबारी आला, म्हणजे पहाटे मोरपिसांची टोपी घालून ‘दान पावलं’ म्हणणारा माणूस कायद्याने भिकारी! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला अभंग, गवळणी ऐकवल्या त्यांना पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, दोषी ठरला तर पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, आणि परत परत सापडला तर दहा वर्षांपर्यंत. कलेचे पैसे घेतले म्हणून एवढी शिक्षा? मला हे अजिबात पटत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तिकडेही लागू केलेल्या याच कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. कायदा मुळात आपला, मग आपल्या विधानसभेने निदान व्याख्येतून गाणं, नाच, खेळ, भविष्य हे शब्द तरी काढावेत, आणि तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही मनापासून विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा