राजकारण नको म्हणालीस, म्हणून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, मला राजकारणात अजिबात रस नाही. मनासारखं जगता आलं की झालं." तुला मनासारखं जगायचंय हे ऐकून बरं वाटलं. पण या दोन गोष्टी तू वेगळ्या काढल्यास, ते काही पटलं नाही. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

स्वित्झर्लंडचं बघ. सधन, शांत, ऊठसूट सार्वमत घेणारा देश. १९५९ मध्ये बायकांना मताधिकार द्यावा का, हा प्रश्न सार्वमताला गेला. मत देणारे सगळे पुरुष. त्यांनी तो फेटाळला. देशपातळीवरचा हक्क मिळाला तो थेट १९७१ मध्ये. आणि तिथला जुना विवाहकायदा काय होता माहीत आहे? नवरा कुटुंबप्रमुख. राहायचं कुठे ते तो ठरवणार, आणि बायकोला नोकरी करायची तर त्याची संमती हवी. तुझ्यासारखी एखादी शिकलेली मुलगी "मला राजकारणाशी देणंघेणं नाही" म्हणाली असती, तरी कायदा तिच्या घरात ठाण मांडून बसलेलाच होता. तो बदलला १९८५ च्या सार्वमताने, ज्यात बायकांनीही मत दिलं. नवा कायदा लागू व्हायला १९८८ साल उजाडलं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मत उघडपणे सांगावं लागे. कूळ पुढे येऊन उमेदवाराचं नाव मोठ्याने घेतंय, कारकून ते वहीत उतरवतोय, आणि ज्याची जमीन ते कसतं त्या जमीनदाराचा माणूस शेजारी उभा राहून ऐकतोय. कोणी कोणाला मत दिलं याच्या याद्या छापूनही निघत. हक्क होता, पण डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर त्या हक्काचं करायचं काय? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५६ मध्येच गुप्त मतदान आणलं होतं. मतदान केंद्रातला तो साधा आडोसा मला फार मोलाचा वाटतो. तिथे उभं राहिलेल्या माणसाला मालक, बाप, नवरा, कोणीही जाब विचारू शकत नाही.

स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे वगैरे लिहीत नाही; ते तुला लहानपणापासून पुष्कळ ऐकवून झालंय. शिक्षण, नोकरी, लग्न यात माझं मत वेगळं असेल तर मी स्पष्ट सांगेन. तू ते ऐकून घे, पण माझ्या परवानगीची वाट बघू नकोस.

आणि मतदार यादीत नाव तेवढं नोंदव. अर्ज भरताना काही अडलं तर फोन कर. मत कोणाला द्यायचं हे मी सुचवणार नाही, दिल्यावर विचारणारही नाही. आजी मात्र नक्की विचारेल. तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा,
बाबा